डब्याचें झांकण

इतिहासावर बोलावयाचें म्हणून येथें यावें आणि विषय निवडावा शाळकरी मुलांच्या डब्याचा, हें ऐकून आपल्यापैकीं कांहींना हंसूं येईल. रत्नागिरीच्या इतिहासांत सांगण्याजोगें दुसरें कांहीं उरलें नाहीं काय, असेंही कोणी विचारील. उरलें आहे, आणि पुष्कळ उरलें आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं ह्याच गांवीं झाला. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ सालीं ह्याच गांवीं वारला. ह्या गोष्टी पुस्तकांत सांपडतात. परंतु ज्या मुलांनीं तीं पुस्तकें वाचलीं, तीं दुपारीं काय खात होतीं, कोणाच्या शेजारीं बसून खात होतीं आणि कोणाच्या शेजारीं बसत नव्हतीं, हें क्वचितच कोणी लिहून ठेवलें आहे.

डब्याहून शिदोरी हा शब्द जुना. वाटसरूची शिदोरी, शेतकऱ्याची शिदोरी, आणि गोकुळांतल्या गोपाळांची शिदोरी. कृष्णानें यमुनेच्या कांठीं सर्व सवंगड्यांना आपापल्या शिदोऱ्या सोडावयास लावल्या, त्या एकत्र कालवल्या आणि सर्वांना वांटल्या, ही कथा आपल्या कीर्तनांतून शेंकडों वर्षें चालत आली आहे. काल्याशिवाय सप्ताहाची सांगता होत नाहीं. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीं दहीं, पोहे आणि लाह्यांचा काला आपण हात पुढें करून घेतों. तेव्हां मुलांनीं एकत्र जेवावें ही कल्पना आपल्याला नवी होती असें म्हणतां येत नाहीं. ती कथेंत होती, प्रसादांत होती. शाळेंत मात्र नव्हती. आज मला सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं मुलांच्या डब्यांतलें अन्न घराघरांतून जितकें निराळें असे अशी आपली समजूत आहे, तितकें तें निराळें नव्हतें. निराळेपण होतें तें झांकणांत.

पंतोजींच्या शाळेंत डब्याचें कारणच पडत नसे. शाळा गांवांतच, ती सकाळीं भरे, दुपारीं मुलें घरीं जेवून येत आणि पुन्हा धुळाक्षरें गिरवावयास बसत. डबा आला तो अकरा ते पांच चालणाऱ्या इंग्रजी शाळेबरोबर, आणि त्याहूनही अधिक, शाळा व घर ह्यांच्यामधल्या अंतराबरोबर. कोंकणांत हें अंतर मोठें. वाड्या विखुरलेल्या, मध्यें डोंगर, वहाळ, खाडी. पावसाळ्यांत तरीची वाट पाहत तासभर भिजावें लागे. धोंडो केशव कर्वे हे दापोलीजवळच्या मुरुडचे. १८७५ सालीं सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं ते सोबत्यांसह कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पायीं गेले, आणि वयानें फार लहान दिसतात म्हणून तेथें त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच मुलाला पुढें महर्षि म्हणूं लागले आणि १९५८ सालीं भारतरत्न हा किताब मिळाला. अशा प्रवासाला निघणाऱ्या मुलाच्या पाठीवर बांधलेली शिदोरी हीच आजच्या डब्याची आजी म्हणावयाची.

जीं मुलें शिक्षणासाठीं परगांवीं राहत, त्यांच्या पोटाची सोय वारानें किंवा माधुकरीनें होई. सात दिवस सात घरीं पाळीनें जेवावयाचें तो वार. दारोदार फिरून शिजलेलें अन्न मागून आणावयाचें ती माधुकरी. मात्र ही सोय बहुतेक ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. कुणब्याच्या किंवा गांवकुसाबाहेरच्या मुलाला तीं दारें उघडी नव्हतीं, हें वाराच्या गोड आठवणी सांगतांना आपण विसरतों. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने दापोलीस इंग्रजी शाळेंत होते, पुढें शिक्षणासाठीं औंधास गेले, आणि गरिबीचे चटके त्यांना सर्वत्र बसले. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं त्यांनीं लिहिलेली व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ घराघरांत पोंचली, ह्याचें एक कारण असें कीं आईच्या हातचें साधें अन्न आणि त्यामागची ओढाताण ज्याला ठाऊक नाहीं, असें मराठी घर त्या काळीं विरळाच असेल.

आतां डब्यांत काय असे तें सांगतों. रत्नागिरीची जमीन जांभ्या दगडाची. भात होई तें सखल खाचरांतून. डोंगरउतारावर नाचणी, वरी आणि हरीक. भात विकावें किंवा सणावारासाठीं राखावें, आणि वर्षाचें पोट नाचणीवर भरावें, असा पुष्कळ कुणबी घरांचा हिशेब असे. घरचा पुरुष मुंबईस गिरणींत, गोदींत, नाहीं तर पलटणींत. त्याची मनिऑर्डर आली म्हणजे वाण्याची उधारी फिटे. ती आली नाहीं म्हणजे वाण्याच्या दुकानावरून जातांना पदर पुढें ओढावा लागे. मुलाच्या डब्याचा सारा भार अशा घरीं राहिलेल्या बाईवर होता. आईच्या हातच्या चवीचें कौतुक करतांना हाही हिशेब ध्यानांत ठेवावा.

सकाळची न्याहरी म्हणजे पेज. उकड्या तांदळाची, नाहीं तर नाचणीची. तोंडीं लावावयास लोणच्याची फोड किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. ब्राह्मण घरीं तिच्या जागीं मऊभात व मेतकूट. पेज पोटाला आधार देते, पण ती डब्यांतून नेतां येत नाहीं. सांडते आणि उन्हानें आंबते. म्हणून पेज पिऊन निघावें आणि बरोबर कोरडें न्यावें, असा नेम असे. कोरडें म्हणजे भाकरी. तांदळाच्या भाकरीचें पीठ उकळत्या पाण्यांत भिजवून चांगलें मळावें लागतें. तरच ती दुपारपर्यंत मऊ राहते. नाचणीची भाकरी गार झाली तरी घांस गोड लागतो. तिजबरोबर कुळथाचें घट्ट पिठलें, लसणीची किंवा सुक्या खोबऱ्याची चटणी, सुकट परतलेली, आणि कांहींच नसलें तर गुळाचा खडा. भाताच्या मागून जमिनींत जी ओल राहते तिच्यावरच कुळीथ येतो, म्हणून गरिबाच्या घरीं दुसरी डाळ नसली तरी कुळीथ असावयाचाच. कोठें घावन, कोठें थालीपीठ. दडपे पोहे तर चुलीवांचून होतात. पातळ पोह्यांना नारळाचें पाणी आणि खवलेलें खोबरें चोळावयाचें व झांकून दडपून ठेवावयाचें. परंतु उन्हाळ्यांत ओला नारळ दुपारपर्यंत टिकत नाहीं, म्हणून जाणती आई दडपे पोहे डब्यांत हिंवाळ्यांतच देई. पावसाळ्यांत रानांतून आणलेला टाकळा नि भारंगी. चैत्रांत कैरी, फणसाची कुयरी. आणि उन्हाळ्यांत वाळवून ठेवलेली आंबापोळी पुढें श्रावणांतल्या एखाद्या दिवशीं अवचित डब्यांत निघे, तेव्हां साऱ्या वर्गाला तिचा वास येई.

ह्या यादीकडे पुन्हा एकदां पाहावें. भाकरी, कुळीथ, आमसूल, नारळ, गूळ. कुणब्याच्या घरीं, भंडाऱ्याच्या घरीं, ब्राह्मणाच्या घरीं, कोंकणी मुसलमानाच्या घरीं आणि गांवकुसाबाहेरच्या घरीं सामान बव्हंशीं हेंच. एके ठिकाणीं मासळी असे, दुसऱ्या ठिकाणीं नसे. एके ठिकाणीं तुपाचा थेंब पडे, दुसऱ्या ठिकाणीं तेलाचाही पडत नसे. ह्या फरकांना कमी लेखावें असें मी म्हणत नाहीं. भूक ज्यानें सोसली आहे त्याला तुपाच्या थेंबाची किंमत ठाऊक असते. परंतु जमीन एक, पाऊस एक, आणि चुलीवरचा तवाही एकाच घडणीचा असल्यावर अन्नांत जमीनअस्मानाचें अंतर कोठून येणार?

आतां भांड्याविषयीं. प्रथम भाकरी फडक्यांत किंवा केळीच्या पानांत बांधून नेत. ज्या घरीं ऐपत होती त्या घरीं पितळी डबा आला. पितळ म्हणजे तांबें व जस्त. ताक, कैरी, आमसूल ह्यांतल्या आंबटानें तांबें सुटतें आणि अन्न हिरवट पडून कडू होतें. ह्यालाच आपण कळकणें म्हणतों. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला आळींत आला म्हणजे आम्हां मुलांची ती जत्राच. तो जमिनींत खळगा करी, भाता लावी, डबा लालसर तापवी, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्यानें झटकन पुशी आणि कथलाची कांडी फिरवी. पांढऱ्या धुराचा लोट निघे व पाहतां पाहतां आंतून डबा चांदीसारखा होई. पण कथलाचा तो थर फार पातळ. रोजच्या घांसण्यानें कांहीं महिन्यांत उडे. घरांत पैशाची ओढ असली कीं कल्हई लांबणीवर पडे. पुढें अॅल्युमिनियम आलें, स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत स्टील आलें, आणि कल्हईवाल्याची आरोळी ऐकूं येईनाशी झाली.

ह्या कल्हईशीं माझी एक आठवण जडलेली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. गोष्ट सुमारें साठ-पासष्ट वर्षांपूर्वींची. मी आठ-नऊ वर्षांचा होतों. चैत्र महिना होता आणि आईनें डब्यांत पोळी व कैरीची डाळ दिली होती. कल्हई तळाशीं उडाली होती, हें तिच्या ध्यानांत आलें नसावें; किंवा आलेंही असेल, पण दुसरा डबा घरांत नव्हता. मधल्या सुट्टींत मीं झांकण उघडलें तों डाळ कडेनें हिरवी पडलेली आणि पोळीला तिचा ओघळ लागलेला. एक घांस तोंडांत घातला व थुंकून टाकला. शेजारीं आमच्या वर्गांतला एक मुलगा बसला होता. तो खाडीपलीकडून तरीनें येई. त्याच्याजवळ डबा नव्हता. फडक्यांत नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी होती. त्यानें माझ्या डब्याकडे पाहिलें, भाकरी मधोमध मोडली, अर्ध्या भाकरीवर चटणी ठेवली आणि माझ्यापुढें केली.

मीं हात मागें घेतला. “भूक नाहीं,” असें म्हणालों. तो कांहीं बोलला नाहीं. पुढें केलेली अर्धी भाकरी त्यानें फडक्यांत तशीच ठेवली आणि उरलेली अर्धी खाल्ली. दुसऱ्या दिवशीं तो चिंचेच्या पलीकडे जाऊन बसला, आणि पुढच्या वर्षीं शाळेंत आलाच नाहीं. मुंबईस मामाकडे गेला असें कोणी म्हणालें.

त्या संध्याकाळीं उपाशी पोटीं घरीं आलों व आईला सगळें सांगितलें. मला वाटलें होतें, ती मला शाबासकी देईल. ती कांहीं वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “घेतली असतीस तर काय झालें असतें रे?” मग ती तो डबा चिंच लावून घांसत बसली. श्रोतेहो, मला त्या मुलाचें अन्न खाऊं नको असें घरांत कोणींही कधीं सांगितलें नव्हतें. तरी माझा हात मागें आला. न सांगितलेली ती आज्ञा माझ्या हातांत कोठून आली, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मागें लागला आहे, आणि ह्या डब्याच्या इतिहासाकडे मी वळलों तो त्याचमुळें.

तो इतिहास असा आहे. डॉ. भीमराव आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवे हें मंडणगड तालुक्यांतलें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं त्यांचें नांव साताऱ्याच्या सरकारी शाळेंत दाखल झालें. तेथें त्यांना बसावयास घरून गोणपाट न्यावें लागे आणि वर्गांत निराळें बसावें लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची सोय नव्हती. शिपाई येऊन नळ सोडील तेव्हां पाणी, शिपाई नसेल त्या दिवशीं पाणी नाहीं. हें त्यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. जेथें पाण्याची ही कथा, तेथें डब्यांतल्या घांसाची गोष्ट बोलावयासच नको.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय. ठराव झाला, पण कागदावरचा ठराव ओंजळींतल्या पाण्यापर्यंत पोंचावयास २० मार्च १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, आणि तोही पहिल्या दिवशीं संपला नाहीं. महाड आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस लागूनच आहे.

खुद्द रत्नागिरींत १९२४ पासून १९३७ पर्यंत विनायक दामोदर सावरकर स्थानबद्ध होते. त्यांच्या राजकारणाविषयीं कोणाचें मत कांहींही असो, शाळांतून मुलांना जातवार निराळें न बसवितां सरमिसळ बसवावें ह्यासाठीं त्यांनीं ह्या जिल्ह्यांत केलेली खटपट इतिहासांत नमूद आहे. २२ फेब्रुवारी १९३१ रोजीं भागोजीशेठ कीर ह्यांनीं बांधून दिलेलें पतितपावन मंदिर उघडलें. सहभोजनें झालीं, आणि १९३३ सालीं सर्व जातींच्या हिंदूंसाठीं एक उपाहारगृहही निघालें. नांवाप्रमाणें तें हिंदूंपुरतें होतें, हेंही सांगितलें पाहिजे. तथापि ज्या गांवीं पंगतींतल्या पाटाची जागा जातीवरून ठरत असे, त्या गांवीं एका बांकावर बसून चहा पिणें ही लहान गोष्ट नव्हती.

पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अंमलांत आली आणि तिच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट झाली. मी शाळेंत गेलों तो त्यानंतर. वर्गांत आम्ही एका ओळींत बसत असूं. हजेरीच्या पटावर एकाखालीं एक आमचीं नांवें होतीं. मास्तरांनीं कोणाला व्हरांड्यांत बसविलें नाहीं. तरी मधल्या सुट्टीची घंटा झाली कीं मुलें आपोआप निरनिराळ्या झाडांखालीं पांगत. कायद्यानें बांक एक केला होता. डब्याचें झांकण मात्र ज्याचें त्याच्या हातांत होतें. माझा हात मागें आला तो ह्या दोहोंच्या मधल्या जागेंत.

मुलांना शाळेंतच जेवण द्यावें ही कल्पना तशी जुनी आहे. मद्रास नगरपालिकेनें ती १९२५ च्या सुमारास चालविली आणि कामराज ह्यांनीं १९५६ सालीं तिला मोठें रूप दिलें. केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. आरंभीं आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरीं नेण्यास मिळत. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं धान्य नव्हे, शिजविलेलें अन्न द्यावें. ह्या एका शब्दाच्या फरकाचें महत्त्व मला फार वाटतें. तांदूळ घरीं नेला कीं तो पुन्हा ज्याच्या त्याच्या चुलीवर जातो. शिजविलेलें अन्न मात्र सर्वांना एका पातेल्यांतून घ्यावें लागतें आणि एकत्र बसून खावें लागतें. ठरलेलें प्रमाण असें: पांचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, आणि जेवणांतून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, त्यावरच्या इयत्तांना १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें. योजनेचें नांव २०२१ सालीं बदललें, परंतु आपल्या खेड्यांतलीं मुलें तिला एकाच नांवानें ओळखतात, आणि तें नांव म्हणजे खिचडी.

मध्यंतरीं आमच्या तालुक्यांतल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेंत जाण्याचा योग आला. पडवींत मुलें ताटें घेऊन ओळीनें बसलीं होतीं. गांवांतलीच एक बाई वाढीत होती. खिचडी जरा सैल झाली होती, मटकीची उसळ मात्र उत्तम. एका मुलीनें घरून लोणचें आणलें होतें. तिनें बाटलीचें झांकण उघडलें आणि बाटली जी निघाली ती ओळीच्या टोकापर्यंत गेली व रिकामी होऊन परत आली. ती मुलगी रडावयाच्या बेतांत आली होती, हेंही खोटें नाहीं. मी तिचें सांत्वन करावयास गेलों, तों शेजारणीनें आपल्या ताटांतली उसळ तिला देऊन टाकली होती.

ह्यावरून सर्व कांहीं आटोपलें असें मी म्हणणार नाहीं. स्वयंपाक करणारी बाई दलित आहे म्हणून मुलांनीं जेवण नाकारल्याची बातमी उत्तराखंडांतून २०२१ सालीं आली होती. आणि शहरांत ज्यांचीं मुलें महागड्या शाळांतून जातात, त्यांच्या डब्यांत आतां जातीपेक्षां ऐपत अधिक दिसते. कोणाच्या डब्यांत काय आहे ह्यावरून मुलें एकमेकांना जोखतात आणि भाजीभाकरी आणणारें मूल डब्याचें झांकण अर्धेंच उघडतें. गंमत अशी, कीं २०२३ हें वर्ष साऱ्या जगानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें आणि नाचणी एकाएकीं प्रतिष्ठित झाली. शंभर ग्रॅम नाचणींत तीनशेंहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तांदळांत त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेंही नसतें, असें आतां डॉक्टर सांगतात. नाचणीचीं बिस्किटें चकचकीत पुड्यांतून मिळतात. ज्या भाकरीला मीं हात लावला नाहीं, तीच आज माझा नातू दुकानांतून विकत आणतो.

खाडीपलीकडचा तो मुलगा आज असलाच तर माझ्याच वयाचा असेल. त्याला ती अर्धी भाकरी आठवत असेल कीं नाहीं, कोण जाणे. मला ती आठवते, आणि ती आठवण पुसून टाकावी असें मला वाटत नाहीं.

जातां जातां एकच विनंति. संध्याकाळीं मूल शाळेंतून घरीं आलें कीं “डबा संपवलास काय?” असें आपण सर्वच जण विचारतों. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारीत जावा: आज कोणाला दिलेंस, आणि कोणाचें खाल्लेंस? माझ्या आईनें मला तो प्रश्न विचारला, पण एक दिवस उशिरानें.